शंखखेकडा घरी आणल्यानंतरचे दोन महिने

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, न्यू जर्सीपासून फ्लोरिडापर्यंत, उन्हाळी गर्दीच्या समुद्रकाठी टोप्या, टॉवेल आणि आइस्क्रीमच्या दुकानांच्या रांगेत हर्मिट क्रॅब, म्हणजे शंखखेकडेही विकायला मांडलेले असतात. तारेचा छोटा पिंजरा, तळाला रंगीत खडे, एक ओला स्पंज आणि कार्टून रंगवलेल्या शंखात अंग चोरून बसलेला खेकडा. कित्येक ठिकाणी पैसे पिंजऱ्याचे घेतात आणि खेकडा फुकट देतात. सुट्टीला गेलेली मराठी कुटुंबंही मुलांच्या हट्टापुढे मान तुकवून तो घरी आणतात, कारण याला काहीच करावं लागत नाही असं विकणारा सांगतो. आठवडाभरात खेकडा हलेनासा होतो आणि घरात प्रश्न सुरू होतात. आजारी आहे का? खात का नाही? हातावर घेतला तर माणसाळेल का? या सगळ्यांना माझं एकच उत्तर आहे. नव्या खेकड्याला रुळवायचं म्हणजे त्याच्या भोवतालची हवा, वाळू आणि पाणी ताबडतोब दुरुस्त करायचं आणि त्यानंतर निदान दोन महिने त्याला हात लावायचा नाही. पहिला भाग खर्चाचा म्हणून टाळला जातो, दुसरा प्रेमापोटी मोडला जातो, आणि खेकडा यातच जातो.

तो आपल्याकडे कुठून आला, हे आधी पाहिलं तर पुढचं सगळं पटायला सोपं जातं. या दुकानांत सर्वांत जास्त दिसतो तो कॅरिबियन बेटांवरचा आणि दक्षिण फ्लोरिडातला कोएनोबिटा क्लायपीॲटस. याची डावी नांगी मोठी आणि जांभळी असते. शंखात शिरला की तीच दाराचं काम करते. मादी अंडी समुद्रात सोडते, पिल्लं काही आठवडे पाण्यात तरंगत वाढतात, मग छोटा शंख गाठून किनाऱ्यावर चढतात आणि उरलेलं आयुष्य जमिनीवर काढतात. हा सगळा प्रवास काचेच्या पेटीत घडवून आणणं इतकं अवघड आहे की बंदिवासात पिल्लं वाढवण्यात अगदी मोजक्यांनाच यश आलेलं आहे. म्हणजे दुकानातला जवळपास प्रत्येक खेकडा जंगलातून पकडलेला असतो. तिथून तो साठवणीतून, खोक्यांच्या प्रवासातून आणि कोरड्या गोदामातून येतो, वाटेत बऱ्याचदा त्याचा शंखही बळजबरीने बदलला जातो. नीट ठेवलेला खेकडा दहा-वीस वर्षं सहज जगतो, काही तिशीच्या पुढे गेलेले आहेत. आपल्या हाती आलेला खेकडा वयाने घरातल्या मुलाएवढा असू शकतो, आणि गेले काही आठवडे त्याच्या आयुष्यातले सर्वांत वाईट असतात. अशा वेळी त्याचं गप्प बसणं हा आजार समजू नये. तो ताकद राखून बसलेला असतो.

आता हवेचा मुद्दा, कारण सगळ्यात जास्त खेकडे हवेनेच मरतात. हा प्राणी जमिनीवर राहत असला तरी श्वास कल्ल्यांनी घेतो. कल्ले बदललेले आहेत, पोटाची पातळ त्वचाही थोडी मदत करते, पण ओलाव्याशिवाय या दोन्हींचं काम चालत नाही. म्हणून तो शंखात थोडं पाणी साठवून फिरतो. हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ ते ८५ टक्के आणि तापमान २४ ते २९ अंश सेल्सिअस ठेवावं लागतं. तारेच्या पिंजऱ्यात यातलं काहीच टिकत नाही. यावर हमखास येणारा आक्षेप असा, की आमचा खेकडा पिंजऱ्यात महिनाभर छान फिरतोय, मग बिघडलं कुठे? बिघडतं ते सावकाश. शंखातल्या पाण्यावर आणि दमट क्षणांवर तो दिवस काढत असतो, आणि कल्ले थोडे थोडे सुकत जातात. तारेवर रात्रभर वर-खाली चढणारा खेकडा खेळतोय असं आपल्याला वाटतं. पुष्कळदा तो ओलावा शोधत असतो. माशाला पाण्याबाहेर काढलं तर मिनिटांत कळतं, इथे तेच कळायला आठवडे किंवा महिने लागतात, एवढाच फरक. उशिरा मरण आलं म्हणजे कारण दुसरं होतं, असं होत नाही.

तेव्हा पहिल्याच दिवशी काचेची टाकी आणि काचेचं किंवा ॲक्रिलिकचं झाकण हवं. दोन-तीन लहान खेकड्यांना दहा गॅलनची, म्हणजे सुमारे ३८ लिटरची टाकी हे किमान. जुनी, माशांसाठी गळकी ठरलेली टाकी इथे उत्तम चालते आणि स्वस्तात मिळते. ऊब देणारा पॅड बाहेरून मागच्या भिंतीला, वाळूच्या पातळीच्या वर लावायचा, आणि त्याला थर्मोस्टॅट जोडायचा. टाकीखाली लावला तर वाळू खालून तापते आणि आत पुरलेला खेकडा शिजतो. आत आर्द्रतामापक ठेवायचा, डिजिटल. तो खरं सांगतो का, हे घरच्या मिठानेच तपासता येतं. बाटलीच्या बुचात साधं मीठ घ्या, त्यावर पाण्याचे काही थेंब टाका म्हणजे मीठ ओलं होईल पण विरघळून जाणार नाही. ते बूच आणि मापक एका घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत रात्रभर ठेवा. ओल्या मिठावरच्या कोंडलेल्या हवेची आर्द्रता खोलीच्या तापमानाला ७५ टक्क्यांवर स्थिर होते. सकाळी मापक ६८ दाखवत असेल तर तो सात टक्के कमी सांगतो, हे लक्षात ठेवून पुढे वाचायचं. योगायोगाने ७५ हीच खेकड्याचीही खालची मर्यादा आहे, त्यामुळे याहून सोयीची तपासणी मिळणार नाही.

मुंबईची किंवा पणजीची हवा ज्यांना ठाऊक आहे ते म्हणतील, आमच्याकडे दमटपणा फुकट मिळतो. पावसाळ्यात मिळतो, खरं आहे. पण एसी लावलेल्या खोलीत तो उरत नाही, आणि पुण्यात एप्रिलच्या दुपारी तर कपडे तासाभरात वाळतात. न्यू जर्सीच्या हिवाळ्यात हीटर चालू असलेल्या घरातली आर्द्रता तीस टक्क्यांखाली सहज जाते. ज्या हवेने आपले ओठ फुटतात त्याच हवेत खेकड्याला श्वास घ्यायचा असतो. आपल्या कातडीचा अंदाज इथे उपयोगाचा नाही, मापकाचा आकडाच खरा. पाण्याचा फवारा मारून हा आकडा तासभर चढतो आणि पुन्हा उतरतो. झाकण घट्ट, वाळू ओलसर आणि आत पाण्याची दोन मोठी भांडी असली की तो आपोआप टिकतो, फवाऱ्याची गरजच पडत नाही.

खेकडा कोरड्या दुकानातून आला असेल तर त्याला एकदम दमट हवेत सोडायचं की आर्द्रता हळूहळू वाढवत न्यायची, याबद्दल पाळणाऱ्यांत दोन तट आहेत. हळूहळू म्हणणाऱ्यांची भीती अशी की अचानक बदलाने त्याला धक्का बसतो. धक्का बसत असेलही. पण ज्याचे कल्ले आधीच सुकलेत त्याला आणखी चार दिवस अर्धवट कोरड्या हवेत ठेवणं मला पटत नाही. पेटी तयार करून एक दिवस तापमान आणि आर्द्रता स्थिर झाल्याची खात्री करावी आणि मग खेकडा शंखासकट, थोड्या तासांत पेटीच्या तापमानाला येऊ देऊन, पाण्याच्या भांड्याजवळ अलगद ठेवावा. पेटी तयार नसतानाच खेकडा घरी आला असेल, आणि बहुतेकदा तसंच होतं, तर तोवर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि ओलं शेवाळ यावर एक-दोन दिवस भागतं.

वाळूकडे येऊ. दुकानातल्या रंगीत खड्यांचा उपयोग शून्य आहे. खेकड्याला पुरून घेता येईल अशी खोल, ओलसर वाळू हवी, कारण तो कात जमिनीखाली टाकतो. प्रमाण साधारण पाच भाग धुतलेली बारीक वाळू आणि एक भाग नारळाच्या काथ्याचा भुसा. खोली किमान सहा इंच किंवा सर्वांत मोठ्या खेकड्याच्या उंचीच्या तिप्पट, यातलं जे जास्त असेल ते. मूठभर वाळू घट्ट दाबली की लाडू वळला पाहिजे आणि बोटांतून पाणी ठिबकता कामा नये. कोरड्या वाळूत भुयार ढासळतं, फार ओल्या वाळूत ते पाण्याने भरतं. नवा खेकडा पहिल्या काही दिवसांतच पुरून घेतो, असं पुष्कळदा होतं. थकल्यामुळे असेल किंवा कात टाकायची बरेच दिवस लांबणीवर पडली म्हणून असेल. लहान खेकड्याला वर यायला महिना-दीड महिना लागतो, मोठ्याला दोन-तीन महिनेही.

इथेच सगळ्यांचा धीर सुटतो. पाच आठवडे झाले, दिसला नाही, मेलाच असणार, एकदा उकरून बघू. हा विचार इतका स्वाभाविक आहे की त्याला रागवून उपयोग नाही, कारणं द्यावी लागतील. खाली भुयारात खेकडा जुनं कवच फाडून बाहेर पडलेला असतो. नवं अंग पांढुरकं आणि लिबलिबीत असतं, नांग्या स्वतःचं वजन पेलू शकत नाहीत. तो आपलंच जुनं कवच थोडं थोडं खातो आणि त्यातल्या कॅल्शियमवर नवं अंग टणक करतो. तुटलेले पायही याच काळात पुन्हा फुटतात. अशा वेळी भुयार ढासळलं तर तो चिरडतो, कवचापासून दूर झाला तर त्याच्या कॅल्शियमचा साठाच जातो, आणि उघड्यावर आला तर पेटीतले दुसरे खेकडे त्याच्यावर तुटून पडतात. मार्क लेड्री या संशोधकाने सहकाऱ्याबरोबर कोस्टा रिकाच्या किनाऱ्यावर केलेल्या प्रयोगात याच कुळातल्या खेकड्यांना आपल्या जातीच्या मांसाचा वास येताच ते झुंडीने गोळा होत होते. एक खेकडा गेला म्हणजे एक शंख मोकळा झाला, असं त्यांचं गणित. उकरण्याने मेलेला खेकडा जिवंत होत नाही, जिवंत असलेला मात्र मरू शकतो. म्हणून शंका असेल तेव्हा वाळू तशीच राहू द्यावी. खरंच मेला असेल तर कुजलेल्या मासळीचा असा दर्प येतो की तो ओळखायला कोणी शिकवावं लागत नाही. शिवाय पृष्ठभागावर पाय-नांग्यांसकट आख्खा खेकडा पडलेला दिसला तरी घाईने फेकू नका. तो पोकळ आणि हलका असेल तर ती नुसती कात आहे, आणि तिचा मालक शेजारच्या शंखात मऊ अंगाने दडलेला असेल. त्याच्यावर तिथल्या तिथे एखादा मोठा डबा उपडा घालावा, हवेला भोकं ठेवावीत आणि कात त्याच्याजवळच राहू द्यावी.

पाणी दोन प्रकारचं लागतं, आणि हा भाग चुकला तर बाकीचं सगळं करून फुकट. एका भांड्यात गोडं, दुसऱ्यात खारं. दोन्ही एवढी खोल की खेकड्याला आत बुडी मारता यावी, आणि बाहेर चढायला दगड किंवा जाळी हवीच. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन कल्ल्यांना जाळतं. उघड्या भांड्यात दिवसभर ठेवल्याने क्लोरीन उडून जातं, पण अमेरिकेतली अनेक शहरं क्लोरामाइन वापरतात आणि ते असं उडत नाही. त्यासाठी माशांच्या टाकीत घालतात ते औषध वापरावं. खाऱ्या पाण्यासाठी समुद्री मासे पाळणाऱ्यांचं मीठ लिटरला साधारण ३५ ग्रॅम. स्वयंपाकघरातलं मीठ चालत नाही, त्यात समुद्रातले मॅग्नेशियम-कॅल्शियमसारखे क्षार नसतात. स्पंज काढून टाका, त्यात जंतू वाढतात. आणि खेकड्याला धरून कोमट पाण्यात आंघोळ घालायचा जुना सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. शंखातलं पाणी किती खारं ठेवायचं हे खेकडा स्वतः दोन भांड्यांत जा-ये करून जुळवतो, आपण ते पाणी ओतून देऊन त्याची सगळी मेहनत वाया घालवतो.

शंखाचं महत्त्व मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण शंख मिळाला नाही तर खेकड्याला निवाराच उरत नाही. याचं पोट मऊ आणि उजवीकडे वळलेलं असतं, शेवटच्या दोन जोड्यांचे पाय बारीक होऊन शंख आतून धरण्याच्याच कामाचे उरलेले असतात. शंखासाठी हे खेकडे काय काय करतात, हे वाचून थक्क व्हायला होतं. बर्म्युडात मोठ्या गोगलगायीची एक जात अतिमासेमारीने नामशेष झाली, तेव्हा तिथले खेकडे तिचे जमिनीतून निघणारे जीवाश्म शंख घालून जगले. बेलीझच्या कॅरी बो बेटावर या जातीवर केलेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मोठा शंख मोकळा पडला की खेकडे आकाराच्या क्रमाने रांग लावतात, आणि पहिल्याने शंख बदलताच मागचे सगळे एकामागून एक एकेक घर पुढे सरकतात, असं दिसून आलं. म्हणून नव्या पेटीत प्रत्येक खेकड्यामागे चार-पाच न रंगवलेले, गोल तोंडाचे टर्बो जातीचे शंख उकळून ठेवावेत, काही सध्याच्याच मापाचे, काही किंचित मोठे. तोंडाचं माप मोठ्या नांगीपेक्षा थोडं जास्त असावं. मग रात्री मंद उजेडात पाहावं. खेकडा शंखाभोवती फिरतो, मिशांनी चाचपतो, नांगी पार आत घालून तळ गाठतो, तोंड खाली करून आतली वाळू झाडतो, पुन्हा नांगी घालतो. कधी अर्धा तास हे चालतं आणि काहीच होत नाही. कधी मात्र क्षणात, डोळ्याचं पातं लवायच्या आत, तो गुलाबी पोट उपसून नव्या शंखात गेलेला असतो, आणि नंतर जुन्यावर एक नांगी ठेवून थोडा वेळ विचार करतो. रंगवलेला शंख ओढून किंवा फोडून काढायचा प्रयत्न अजिबात करू नका. खेकडा शंख सोडण्यापेक्षा अंग फाटू देतो. उलट, नवा खेकडा शंख टाकून उघडाच फिरताना दिसला तर ते मोठ्या त्रासाचं लक्षण. त्याला जेमतेम मावेल अशा कपात, क्लोरीन काढलेल्या पाण्याने ओला केलेला त्याचा शंख आणि आणखी एखादा शंख ठेवून, वर ओलं कापड झाकून अंधारात ठेवलं तर बरेचदा तो परत शिरतो.

खाण्याची फार चिंता नको. दुकानातल्या गोळ्यांपेक्षा आपल्या स्वयंपाकघरातलं बरं: ओलं खोबरं, उकडलेल्या अंड्याचं कवच कुटून, बिनमिठाचा शिजवलेला मासा किंवा कोळंबी, बिनमिठाच्या लाह्या, गाजर, पालेभाजी. पहिल्या आठवड्यात काहीच संपलेलं दिसणार नाही. त्याचा घास फार लहान असतो आणि तो रात्री खातो. जास्त जपायचं ते कीटकनाशकांपासून. जे औषध झुरळ मारतं ते खेकड्यालाही मारतं, कारण दोघे संधिपाद प्राणीच. घरात पेस्ट कंट्रोल असेल तर पेटी दुसऱ्या घरी हलवा, आणि एरवीही ती डासांच्या कॉइलच्या, अगरबत्तीच्या धुरापासून लांब ठेवा.

मासळी खाणाऱ्या आपल्या घरांत एक प्रश्न मोकळेपणाने विचारला जातो आणि तो विचारलाच पाहिजे. आपण खेकड्याचं कालवण करतो, मग या चिमुकल्याच्या सुखदुःखाचं एवढं कौतुक कशाला? त्याला काय कळतंय? बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातले रॉबर्ट एलवूड आणि मिर्याम ॲपेल यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात समुद्रातल्या हर्मिट क्रॅबना शंखातच विजेचे सौम्य झटके दिले होते. आवडत्या जातीच्या शंखातले खेकडे शंख सोडायला कमी तयार होते, नावडत्या शंखातले लवकर बाहेर पडत. जे झटका सोसून आत राहिले, त्यांना नंतर दुसरा शंख दिला तेव्हा त्यांनी झटका न बसलेल्यांपेक्षा घाईने घर बदललं. निव्वळ आपोआप होणारी हालचाल अशी तोलूनमापून होत नसते आणि मागाहून लक्षातही राहत नसते. अशा पुराव्यांच्या आधारेच ब्रिटनने २०२२ च्या प्राणिकल्याण कायद्यात खेकडे-कोळंबीच्या कुळाला संवेदनशील प्राण्यांत धरलं. ताटातल्या खेकड्याबद्दल ज्याने त्याने काय तो निर्णय घ्यावा. पण पाळीव म्हणून आणलेल्या प्राण्याला महिनोन् महिने श्वासासाठी तडफडत ठेवायला पोटाची भूक हे कारणसुद्धा देता येत नाही.

मग हातात घ्यायचाच नसेल तर पाळायचा कशाला, असं मुलं विचारतील. खेकड्याला हाताची ऊब आवडत नाही, तो माणसाळत नाही. तळहातावर चालतो तो पळ काढण्यासाठी, आणि पडला तर शंख फुटतो, पोट फाटतं. मुलांना सांगण्यासारखं दुसरं पुष्कळ आहे. रोज संध्याकाळी मापकाचा आकडा वहीत लिहिणं, वाळूवरच्या रात्रीच्या पावलांचे माग वाचणं, कोणता शंख जागचा हलला ते ओळखणं, अंधारात त्याची चिरचिर ऐकणं. ही कामं दहा वर्षांच्या मुलाला नीट जमतात आणि रमवतातही. खेकडे कळपाने राहणारे आहेत, तेव्हा सोबत हवीच. पण त्यासाठी पुन्हा दुकानात जाऊन जंगलातला आणखी एक खेकडा विकत घेऊ नका. कंटाळून देऊन टाकणारी कुटुंबं दर शरद ऋतूत शेकड्यांनी असतात, त्यांच्याकडून घ्या.

नको झाला तर समुद्रावर सोडण्याचा विचारही करू नये. जर्सीचा किनारा त्याचा नव्हे, तिथला हिवाळा त्याला मारतो. कोकणात सुट्टीला गेल्यावर खडकांतल्या डबक्यातून मुलं शंखातले खेकडे बाटलीत भरून आणतात, तेही तिथेच राहू द्यावेत. ते बहुतेक समुद्राच्या पाण्यातले, घरी दोन दिवसही तगत नाहीत. किनाऱ्यावरचे रिकामे शंखही पिशव्या भरून आणू नयेत, ती कोणाची तरी पुढची घरं असतात. अंदमान-लक्षद्वीपला जमिनीवरचे शंखखेकडे आहेत, ते तिथून उचलू नयेत. त्यांचाच मोठा भाऊबंद असलेला नारळखेकडा तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.

उन्हाळ्यात आणलेल्या खेकड्याची खरी परीक्षा डिसेंबरात होते, घरचे सगळे महिनाभर भारतात निघतात तेव्हा. निघताना घराचा हीटर कमी केला जातो, म्हणून पेटीच्या पॅडचा थर्मोस्टॅट आधी आठवडाभर तसाच कमी केलेल्या हीटरवर चालवून पाहावा. दोन्ही भांडी काठोकाठ भरावीत, शेवाळाचा एक ओला गोळा पॅडच्या बाजूला ठेवावा, सुकं अन्न दोन बशांत ठेवावं. शेजाऱ्यांकडे किल्ली देताना झाकणावर एक चिठ्ठी चिकटवावी: चार दिवसांनी एकदा आकडा वाचून फोटो पाठवा, ७५ च्या खाली गेला तर औषध घातलेलं पाणी भांड्यांत ओता, आणि खेकडा दिसला नाही तरी वाळू उकरू नका.